मी जागाच होतो!

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मधेच चहा सांडणार नाही. फजिती माझीच आहे, आणि चांगली चारचौघांतली आहे. पण एक गोष्ट आत्ताच ठणकावून सांगतो, मी जागा होतो!

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नेरूळच्या बाजूला तेव्हा इमारती कमी आणि खडी-वाळूचे ढीग जास्त. तिथल्या एका हॉस्पिटलात मी भूल देणारा डॉक्टर. पोटात दुर्बीण घालण्याआधी पेशंटला गुंगीचं इंजेक्शन कसं द्यायचं, हे नव्या डॉक्टरांना शिकवायचं काम माझ्याकडे. बोटाला लावायची यंत्रं आमच्याकडे कुठली? नाडीवर बोट, छातीवर नजर आणि पेशंटशी सतत गप्पा! त्याची जीभ जड झाली की सुई तिथंच थांबवायची. "घाई केलीत तर त्याचा श्वास थांबेल, आणि मग मी तुमचा थांबवीन," असं मी बजावत असे.

त्या बॅचमध्ये सुनंदा होती, लातूरकडची. हात अगदी हलका, पण मी तिला पास करेना. का? "फार हळू देतेस!" आता घाई नको म्हणणाराही मीच, मान्य आहे. पण मास्तर कोण होतं? मी पास म्हटल्याशिवाय तिला एकटीला पेशंट मिळणार नव्हता, आणि तिची आमच्याकडची मुदत संपत आली होती.

नेमकं तेव्हाच माझं पित्त उसळलं. दिवाळे गावची सुकट आणि वर लाल मिरची, दुसरं काय! दुर्बीण घालणाऱ्या विभागाचे प्रमुख डॉ. म्हात्रे म्हणाले, "दुर्बीण घालून बघू या."

"चालेल," मी म्हटलं. "इंजेक्शन सुनंदा देईल. हीच तिची परीक्षा. आणि मी झोपणार नाही. टेबलावरूनच मार्क देईन!"

सुनंदानं घशात फवारा मारला, सुई लावली आणि म्हणाली, "सर, बोलत राहा."

बोलायला मला कुणी सांगावं लागतं का? मी तिच्या चुका मोजायला लागलो. पहिली सांगून झाली, दुसरी सांगणार एवढ्यात...

"झालं सर."

"काय झालं? अजून सुरुवात कुठाय?"

"दुर्बीण झाली सर. पडून राहा, उठू नका."

"मला शेंडी लावतेस? मी टक्क जागा आहे! घातलीच नाहीत तुम्ही दुर्बीण!"

"घसा खवखवतोय ना सर?"

"तो तुमच्यावर ओरडून खवखवतोय!"

मी उठायला गेलो, तर तिनं खांद्यावर हात ठेवून मला परत आडवं केलं. मला! "नापास!" मी ओरडलो. "बोलवा म्हात्रेंना!"

म्हात्रे आले. मी तक्रार मांडली. इंजेक्शन लागू पडलेलं नाही, दुर्बीण झालेली नाही, ही मुलगी नापास.

म्हात्रे इथलेच, खाडीकाठच्या गावातले. डोकं तापलं की त्यांची बोली बाहेर पडायची. "आरं, दुर्बीन मीच घातली ना! मंग मी काय तिथं कोलंबी सोलत व्हतो? आनी ह्ये तू मला तिसऱ्यांदा सांगतोय!"

तिसऱ्यांदा? मी सुनंदाकडे पाहिलं. तिनं हळूच होकारार्थी मान हलवली. डोळे भरले होते पोरीचे. तीनदा नापास ऐकल्यावर कुणाचे भरणार नाहीत? मला फार वाईट वाटलं. पण माघार? छे!

म्हात्रे एकदम शांत झाले. "बरं, तू जागा होतास ना?"

"शंभर टक्के!"

"मग हिनं सुई कशी दिली ते पाहिलंस?"

"सगळं पाहिलं!"

"कुठं चुकली?"

मी आठवायला लागलो. डोक्यात नुसता धुरळा. आठवत नाही म्हणावं, तर झोपलो होतो हे कबूल केल्यासारखं. चूक सांगावी, तर एक सापडेल तर शपथ!

"कुठंच नाही!"

"म्हणजे पास?"

"पास! या डोळ्यांनी पाहिलंय मी, जागेपणी!"

दुसऱ्या दिवशी, पूर्ण शुद्धीत, मी तिच्या कागदावर सही केली आणि सुनावलं, "पास ते पास. पण मी जागा होतो."

"हो सर. उठल्यावर आमचा तासही घेतलात."

"बघ! काय शिकवलं?"

"गुंगीतून उठलेला पेशंट 'मी झोपलोच नव्हतो' म्हणून भांडतो, त्याच्याशी वाद घालायचा नाही. हेच, परत परत."

मला त्यातलं अक्षरही आठवत नाही. पण शिकवलं ते बरोबरच की नाही, तुम्हीच सांगा!