लॅपटॉपची दुलई

आमच्या घरात प्रत्येक वस्तूला कव्हर असे. टीव्हीला, मिक्सरला, फोनला, इस्त्रीलासुद्धा. ही शिस्त माझी. केंद्र सरकारच्या नोकरीत दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवायचं, तर वस्तू नव्यासारख्या राहायला नकोत? त्यांची मूळ खोकी थर्मोकोलसकट कपाटावर रचलेली असत. क्वार्टरच्या भिंतीवर खिळा नाही आणि चिकटपट्टी तर नाहीच, हा माझा दुसरा नियम. कव्हरं बायको शिवायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "आता फक्त यांनाच शिवायचं राहिलंय."

चंदीगडला आमचं तिसरं वर्ष चालू होतं. दोन हजार साल संपत आलं होतं. ऑफिसात पहिला लॅपटॉप आला आणि तो माझ्या ताब्यात दिला गेला, कारण जानेवारीत दिल्लीहून येणाऱ्या समितीपुढे आमच्या प्रकल्पाचं सादरीकरण मला करायचं होतं. समितीने प्रकल्प दोन वर्षं वाढवला तर मी इथेच राहणार, नाही तर एप्रिलात बदली. मुलगी अकरावीत होती. पाच शाळा बदलून झाल्या होत्या तिच्या. आम्ही मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. बदलीचं कानावर आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाबा, बारहवीं में नया स्कूल नहीं, प्लीज़," आणि खोलीत निघून गेली. रडली असती, भांडली असती तर परवडलं असतं.

लॅपटॉपलाही अर्थात कव्हर शिवलं. माप मी घेतलं. वायरींसाठी भोकं ठेवली, पण बाजूला एक जाळी होती, तिच्यातून धूळ जाईल म्हणून ती मुद्दाम झाकली. थंडी अशी की बोटं वळत नसत, म्हणून मी पलंगावर गुलाबी रजईत बसून, मांडीवर मशीन घेऊन तयारी करायचो. पंधरा दिवसांत त्याचा पंखा घरघरायला लागला. मग घरघरीची शिट्टी झाली. मुलगी दारातून म्हणाली, "बाबा, ये उबल रहा है." मी म्हटलं, "नवीन मशीन आहे, आवाज करणारच." मला यातलं काही कळत नव्हतं, पण कळत नाही हे कबूल करायचा माझा स्वभाव नव्हता.

ऑफिसात रंगीत तालीम झाली. प्रोजेक्टर जोडला तर पडद्यावर नुसता निळा चौकोन. अर्धा तास खटपट केल्यावर समजलं की दोन बटणं एकदम दाबली की चित्र बाहेर जातं. ती कुठली ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी खिशात ठेवली. चित्र आलं, मी बोलायला लागलो आणि पंधराव्या मिनिटाला सगळं काळं. लॅपटॉपच बंद. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. प्रोजेक्टर काढला तर अर्धा तास तग धरायचा. म्हणजे खोट प्रोजेक्टरच्या वायरीत, असं मी जाहीर केलं. वायर बदलली. मग म्हटलं वीज खालीवर होतेय, म्हणून स्टॅबिलायझर आणला. काही उपयोग नाही. साहेब सगळं पाहत होते. ते म्हणाले, "और यह शोर? कमेटी के चेअरमन साहब को शोर से चिढ़ है. पिछली बार उन्होंने हीटर बंद करवा दिया था."

झालं. वायरीचं पुढे बघू, आधी आवाज दाबू, असं मी ठरवलं. घरी आल्यावर बायकोकडून त्या कव्हरला खालून आणि बाजूंनी कापसाचा थर लावून घेतला. ती म्हणाली, "अहो, ते आधीच तापतंय." मी खेकसलो, "तापतंय की नाही ते मी बघतो. तू शिव." आता आठवलं की मान खाली जाते. आवाज खरंच कमी झाला. मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी मशीन आठ मिनिटांत बंद पडलं आणि सुरूच होईना.

समिती यायला दोन दिवस उरले होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सेक्टरातल्या दुकानदारांनी दिल्लीला पाठवा म्हणून हात झटकले. कोणीतरी सांगितलं, मनीमाजऱ्याच्या बाजारात एक सरदारजी आहेत, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता हेही उघडतात. स्कूटरवर पायाशी मशीन ठेवून भर धुक्यात निघालो. चार हातांपलीकडे दिसत नव्हतं. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने बोलत होतो, "चालू हो बाबा, एवढा एक दिवस चालू हो." देवाला म्हणत होतो की मशीनला, ठाऊक नाही.

सरदारजींनी आधी ते कव्हर उलटसुलट करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग मशीनचं पोट उघडलं आणि चिमट्याने पंख्याजवळून काहीतरी ओढून काढलं. बोटभर जाडीचा गुलाबी बोळा. आमच्या रजईचा रंग मी लगेच ओळखला.

"बाऊजी," ते म्हणाले, "इहनूं रजाई किउं पवाई ए? इहनूं ठंड नहीं लगदी. इहदा साह घुटदा ए."

श्वास कोंडतोय म्हणाले. महिनाभर मी वायरींना, विजेला, सगळ्या जगाला बोल लावत होतो. मला हसूही येत होतं आणि रडूही. सरदारजींनी पंखा पुसून बटण दाबलं तसं मशीन सुरू झालं. ते म्हणाले, पंखा ओरडेल तर ओरडू द्या, फक्त खालून हवा जाऊ द्या.

समितीच्या दिवशी बायकोने डब्यात चार स्टीलच्या वाट्या दिल्या. हिरवं कापड घातलेल्या लांब टेबलावर मी वाट्या उलट्या ठेवल्या आणि त्यांच्यावर उघडाबोडका लॅपटॉप. चिठ्ठी पाहून दोन बटणं दाबली. चित्र आलं. पाचव्या मिनिटाला पंखा कोकलायला लागला. माझं एक लक्ष पडद्यावर, एक घड्याळावर, एक चेअरमनच्या कपाळावरच्या आठ्यांवर. दहाव्या मिनिटाला त्यांनी हात वर केला. "यह आवाज़ कैसी है?"

पंधरा दिवसांपूर्वी मी काहीतरी ठोकून दिलं असतं. पण आता खरं तेच सांगितलं. "सर, मशीन गरम होती है. पंखा दबाया तो बंद हो जाएगी."

ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "तो आप ज़रा ऊँचा बोलिए."

चाळीस मिनिटं मी ओरडून बोललो. पंधरावं मिनिट कधी गेलं ते कळलंच नाही. चहाच्या आधीच दोन वर्षांची मंजुरी मिळाली.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच मुलीला सांगितलं. वाटलं, उड्या मारेल. ती आत गेली आणि पलंगाखालून एक खोकं फरफटत बाहेर घेऊन आली. सुतळीने बांधलेलं. वर माझ्याच अक्षरात मागच्या गावाचं नाव आणि सामानाचा नंबर.

"अगं, हे अजून उघडलंच नाहीस? तीन वर्षं झाली!"

"खोलती तो फिर पैक करना पड़ता," ती म्हणाली.

मी सुतळी कापली. आत तिची चित्रं होती, जगाचा एक मोठा नकाशा, जुन्या मैत्रिणींचे फोटो. ती नकाशा उलगडून भिंतीकडे पाहत राहिली. मग चाचरत म्हणाली, "बाबा, दीवार पर टेप लगा लूँ?"

घरात चिकटपट्टी नव्हतीच. मी तिला आणूच दिली नव्हती कधी. पायातले बूट अजून काढले नव्हते, तसाच खाली उतरलो आणि स्कूटर काढली.