नदी समुद्राला मिळेपर्यंत

आमच्या शेजारच्या हानाआजी मूळच्या पोलंडच्या, ज्यू. युद्धानंतर एका मराठी डॉक्टरांशी लग्न करून त्या पुण्यात आल्या. एकदा दुपारी मी गेले, तर त्या व्हरांड्यात मटार सोलता सोलता माझ्या मुलीला भूगोल शिकवत होत्या. हातही थांबत नव्हते आणि धडाही.

मी हसून म्हटलं, "आजी, घरात टेबलखुर्ची आहे की!"

"मी अशीच शिकले गं," त्या म्हणाल्या. "नाझींनी आमच्या शाळा बंद केल्या. ज्यू मुलांना शिकवणं गुन्हा ठरला. मग आमच्या बाई आम्हा सहा मुलींना त्यांच्या स्वयंपाकघरात शिकवायच्या. दारावर थाप पडली की वह्या सालींखाली आणि हातात बटाटे. एकदा नदीचा धडा चालू असतानाच सैनिक आत आले, सगळीकडे बघून गेले. जिन्यावरचा बुटांचा आवाज थांबल्यावर बाईंनी विचारलं, 'हं, नदी कुठवर आली होती?'"

"भीती नाही वाटली?"

"वाटली तर! पण नदी समुद्राला मिळायची राहिली होती ना! ती मिळेपर्यंत कुणी घरी गेलं नाही."

बाईंना पुढे नाझींच्या छळछावणीत नेलं, त्या परतल्या नाहीत. हे सांगून आजींनी मटाराची पुढची शेंग हातात घेतली.

त्या बाईंनी कुणावर हात उगारला नव्हता. एवढ्या मोठ्या सत्तेचा हुकूम मोडून त्या फक्त शिकवत राहिल्या. ते शिकवणं आता माझ्या मुलीच्या वहीत उतरत होतं, आणि ते बघत बसायला मला फार बरं वाटलं.