बसलेला योसेफ

आमच्या चर्चच्या मंडळीत मी थापाडी म्हणून प्रसिद्ध आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून खरंखोटं करायला कुणी माझ्या नवऱ्याकडे जाणार नाही. या हकिकतीत जे अवाढव्य वाटेल ते माझं समजा. जे लहानसं वाटेल ते घडलेलं आहे.

त्या वर्षी अमेरिकेत बँका कोसळल्या आणि त्यांची धूळ थेट खराडीत आमच्या ताटात येऊन पडली. ह्यांच्या कंपनीची इमारत काचेची, इतकी चकचकीत की कावळे तिच्यात बघून भांग पाडायचे. तिथे ह्यांना आधी बेंचवर बसवलं, म्हणजे पगार चालू पण काम नाही, आणि एका सोमवारी बेंचही काढून घेतला. हे दुपारीच घरी आले. गळ्यातली ओळखपत्राची पट्टी गेली होती आणि तिच्याशिवाय मान कशी उघडी, कोवळी दिसत होती. खिडकीपाशी एक प्लास्टिकची खुर्ची होती, तीत जे बसले ते बसलेच. बोलणंही थांबलं. मी दोन माणसांच्या वाटचं बोलत असल्यामुळे हे पहिले काही दिवस माझ्या लक्षातच आलं नाही.

लक्षात आलं ते रविवारी. चर्चला निघताना मी आणि आमची दहा वर्षांची रूथ तयार, आणि हे खुर्चीतच. "उपासना संपली की सगळे विचारतात, सध्या कुठे? काय सांगू?" म्हणाले. एक रविवार गेला, दुसरा गेला. मग डिसेंबर लागला आणि यांनी शांतपणे सांगितलं, "कॅरोलवाले येतील त्या संध्याकाळी दिवे लावू नकोस. दाराला बाहेरून कुलूप घाल. आपण आतल्या खोलीत बसू." नाताळच्या गाण्यांची टोळी दारावरून परत गेली, असं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं. आणि खरी भीती वेगळीच होती. एकदा दार लावलं की हा माणूस ते देवालासुद्धा उघडणार नाही, असं मला आतून वाटायला लागलं. मी प्रार्थनेला बसायचे, पण शब्द छताला आपटून परत यायचे. विश्वास उडाला म्हणणार नाही. पण तो पंख झटकत कठड्यावर बसला होता, एवढं खरं.

आता आमच्या बेथलेहेमाबद्दल सांगायला हवं, कारण असं बेथलेहेम उभ्या जगात दुसरं नसेल. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, पुढे थोडी मोकळी जागा. दिवाळीत सोसायटीतली मुलं तिथे किल्ला करतात. माती, दगड, पोती, वर हळीव पेरून हिरवळ, आणि बुरुजाबुरुजावर मावळे. दिवाळी झाली की बाकीचे लोक किल्ला मोडतात. आम्ही मोडत नाही. त्याच डोंगरात एक गुहा कोरतो, हळीव नव्याने पेरतो, आणि नाताळात तिथे प्रभूचा जन्म होतो. मावळे तिथेच राहतात, फक्त त्यांच्या हाती काठ्या देऊन त्यांना मेंढपाळ करतो. एकाची तलवार हातातून निघतच नाही, तो पहाऱ्यावर. डोंगर एवढा उंच असतो की लोहगावला उतरणारी विमानं त्याला वळसा घालतात. गुहेतल्या मूर्ती मात्र माझ्या. बाजारात प्लॅस्टरच्या मिळतात, सोनेरी केसांच्या, पण मला त्या कुणाच्या तरी पाहुण्या वाटतात. मी शाडूच्या करते. माझी मरिया लुगडं नेसते, माझ्या योसेफाला पागोटं असतं, आणि गाय चक्क आमच्या नगरकडची आहे. कुणाला गर्व वाटेल तर वाटो.

त्या वर्षी मरिया झाली, बाळ झालं, गाय झाली. योसेफ होईना. दर वर्षीसारखा काठी घेऊन उभा केला की वाळताना घोट्यात तडा जायचा आणि तो तोंडावर पडायचा. आत काडी घातली, तार घातली, तरी तेच. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी दारापुढच्या ओट्यावर मातीने भरलेल्या हातांनी तशीच बसले आणि रडले. रडणं असं की मुळा-मुठेला पूर यावा. तेवढ्यात वरून काठीचा आवाज आला.

लिमयेकाकू खाली उतरत होत्या. या काकू नुकत्याच सदाशिव पेठेतून मुलाकडे राहायला आल्या होत्या आणि खराडीला त्यांनी अजून पुण्यात घेतलेलं नव्हतं. आमची त्यांची ओळख म्हणजे त्यांनी जिन्यातून बघायचं आणि मी आत पळायचं.

"दिवाळी संपली," काकू किल्ल्याकडे बघत म्हणाल्या. "की तुमच्याकडे कळवलं नाही कुणी?"

मी डोळे पुसत सांगितलं की आता हा किल्ला नाही, बेथलेहेम आहे.

"असं होय. मग ते तलवारवाले काय करताहेत तिथे?"

"पहारा देताहेत, काकू."

"बरं आहे. कुणीतरी काम करतंय." मग त्यांनी काठीचं टोक मातीत पडलेल्या मूर्तीकडे वळवलं. "आणि हा कोण पालथा पडलाय?"

"योसेफ. उभाच राहत नाही मेला."

काकू आणखी एक पायरी उतरल्या. "पोटुशी बायको घेऊन दारोदार जागा मागत फिरला, तोच ना हा? आमच्या शाळेत तुमच्यातल्या एक बाई होत्या, त्या सांगायच्या." मी मान हलवली. "मग अहो, एवढं चालून आलेल्या माणसाला तुम्ही अजून उभंच करताय? दमला असेल तो. बसवा की त्याला. आणि मूल द्या त्याच्या मांडीवर. त्या बाळंतिणीला जरा पाठ टेकू दे." एवढं बोलून त्या वळल्या. वर जाता जाता म्हणाल्या, "आणि त्या हळिवाला घातलेलं पाणी माझ्या मुलाच्या गाडीखाली येतंय, ते बघा."

मी मागे पाहिलं. खिडकीत हे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहरा असा, की जणू कुणीतरी बऱ्याच दिवसांनी यांचीच विचारपूस केली होती.

मी मातीचा गोळा घेऊन आत गेले आणि यांच्या समोर फतकल मारली. "अहो, जरा तसेच बसा. हलू नका," म्हटलं. महिनाभर हललाच नव्हता जो माणूस, त्याला मी हे सांगत होते! यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी लुकलुकलं. बाळाच्या जागी उशी ठेवली, पण उशी कुणी बाळासारखी धरत नाही. मग रूथच चढून बसली मांडीवर, पाय जमिनीला टेकतील एवढी घोडी. यांचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. बोटं जरा पसरलेली, जड, पण वजन न टाकणारी. किती वर्षं योसेफ घडवते आहे, पण त्याचा हात कसा असेल हे मला त्या दिवशी दिसलं. मी खाली मान घालून माती दाबत राहिले, कारण यांच्या डोळ्यांतलं पाणी रूथच्या केसांत पडत होतं.

दुसऱ्या दिवशी हे आपणहून खुर्ची उजेडात ओढून बसले. तिसऱ्या दिवशी उठून मूर्तीजवळ आले, वाकून बघितलं. "नाक जास्त मोठं केलंस," म्हणाले.

"ते देवाने केलंय, मी फक्त उतरवलंय," मी म्हटलं. मग दोघंही असं हसलो, की वरच्या मजल्यावर काठी आपटल्याचा आवाज आला.

मूर्तीला तडा गेला नाही. खुर्ची वगळून मांडी घालून बसवलेला योसेफ, मांडीत बाळ, शेजारी नव्याने घडवलेली, कुशीवर झोपलेली मरिया. कुणाच्याही गव्हाणीच्या देखाव्यात मी असं पाहिलेलं नाही.

कॅरोलची संध्याकाळ आली. दिवे लावू नकोस म्हणून सांगितलेलं होतं, म्हणून मी लावले नाहीत. कुलूपही घातलं नाही. फाटकातून ढोलकी आणि गिटार ऐकू यायला लागली. हे अंधारात उठले. त्यांच्या चपला वाजल्या. आधी बाहेर टांगलेला नाताळचा तारा लागला, मग ओसरी उजळली, मग दार उघडल्याचा आवाज. मी आतून धावत आले तो चर्चमधले एक काका, ज्यांचा आवाज माईकशिवाय हडपसरला पोचतो, ते विचारतच होते, "काय साहेब, दिसत नाही! सध्या कुठे?"

"घरी," हे म्हणाले. "नोकरी गेली माझी. आत या ना. पण आधी हे बघा, हिने काय केलंय." आणि त्या सगळ्या टोळीला घेऊन गुहेपाशी उकिडवे बसले. "हा योसेफ दिसतोय ना? तो मी." त्या क्षणी माझी छाती एवढी फुगली, की ब्लाउजला टाके घालावे लागले. तीस जणांनी गाणं धरलं. वर गॅलरीत लिमयेकाकू शाल घेऊन उभ्या होत्या. गाणं संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "शेवटचं कडवं बरं झालं."

नोकरी पुढे उन्हाळ्यात लागली, आधीपेक्षा लहान, बिनकाचेची. तिला मी चमत्कार म्हणत नाही. काकूंनाही देवदूत म्हणणार नाही, म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. मी एवढंच सांगते, की मी देवाच्या मागे लागले होते, या माणसाला पुन्हा पायावर उभा कर म्हणून, आणि कसा, कधी, कुठल्या कंपनीत, तेही सुचवत होते. प्रभूने ते सगळं ऐकून घेतलं आणि त्याला आधी बसायला जागा दिली, आमच्याच घरात, त्याच्याच मुलीच्या ओझ्याखाली. देवावर सोपवून देणं म्हणतात ते मला असं मातीतून कळलं.

त्या संध्याकाळचं एक राहिलं. गाणी झाली की घरधन्याने प्रार्थना करायची, अशी आमच्यात रीत आहे. सगळे डोळे मिटून थांबले. मी घाबरून एक डोळा उघडा ठेवला. यांनी घसा साफ केला. कितीतरी आठवड्यांनी या घरात यांचा आवाज देवाशी बोलला.

"प्रभू, तू आलास. आभार."

एवढंच. आणि मी, जिला जेवणाआधीच्या प्रार्थनेत भात गार करायची सवय, त्यात एक शब्दही न वाढवता आमेन म्हणाले.