कुठवर आलात?

मोटार शर्यतींवर ग्रंथ लिहिणारे हिंगोली जिल्ह्यातले आद्य लेखक म्हणून त्यांचं नाव घ्यावं लागेल. दुसरे कोणी अजून झालेले नाहीत, त्यामुळे याबद्दल वादही नाही.

चष्मा कपाळावर सारायचा आणि विचारायचं, "कुठवर आलात?" पुस्तक ज्याला ज्याला दिलं, त्याला ते भेटेल तिथे हेच विचारत. उत्तर मिळालं की चष्मा नाकावर परत.

एका लहानशा दैनिकात आमची टेबलं शेजारी होती. आठवडाभर ते हळदीचा बाजार, नळयोजनांची उद्घाटनं आणि नरसीच्या रस्त्यावरचे अपघात लिहीत. रविवारी अर्धं पान शर्यतींचं. तुम्ही ते उलटून पुढे गेला असाल. मीही जायचो. डोंगरकडा गावच्या एका वाचकाने मात्र फोन करून विचारलं, जुनी जीप घेऊ का. यांनी सगळी चौकशी करून नको म्हणून सांगितलं. त्याने घेतली.

शर्यती ते टीव्हीवर बघत. प्रत्यक्ष एकच पाहिली, रजा टाकून, चेन्नईला जाऊन. परत आल्यावर मी विचारलं, कशी होती. म्हणाले, "आवाज बराबर आला. मान वळवूस्तोर गाडी गेलेली असायची."

पुस्तकाला अकरा वर्षं लागली. प्रकाशनाला पाहुणे दोन तास उशिरा, नऊ गाड्यांच्या ताफ्यातून भरधाव आले. वाहनं हळू चालवा हा संदेश देणाऱ्या लेखकाचं त्यांनी अभिनंदन केलं. असा संदेश पुस्तकात कुठेही नाही. लेखक खाली मान घालून टाळ्या वाजवत होते.

नंतर चहा पिताना मला म्हणाले, "लई नको हो. सगळं वाचणारा एक पाह्यजे. एकच."

महिन्याभराने चष्मा कपाळावर गेला. "कुठवर आलात?"

"झालं की वाचून. एका दमात."

"कुठं अडखळलं न्हाई?"

"छे. सरळ रस्ता."

त्यांनी चष्मा नाकावर घेतला. मग "बरं," म्हणून हळदीच्या बातमीकडे वळले. त्यानंतर मला त्यांनी कधी विचारलं नाही. त्याचं मला बरंच वाटलं.

गेल्या वर्षी ते गेले. मृत्युलेख माझ्याकडे आला. एखादं वाक्य उचलावं म्हणून मी पुस्तक प्रथमच उघडलं आणि वाचत गेलो. बरं लिहिलं होतं. अठ्ठेचाळिसाव्या पानानंतर पुन्हा तेहतिसावं आलं. तीच सोळा पानं दोनदा बांधलेली, आणि पुढे एकदम पासष्टावं. मधला सोळा पानांचा अख्खा फर्मा गायब. अनुक्रमणिकेप्रमाणे त्यात चेन्नई होतं. कचेरीतल्या दुसऱ्या प्रती काढल्या. सगळ्या तशाच.

त्यांच्या घरी जाऊन वहिनींना सांगितलं. त्या उठल्या आणि कपाटावरून एक जड गठ्ठा खाली घेतला.

"प्रकाशनाच्या दुसऱ्याच दिवशी छापखान्यातून ही ऱ्हायलेली पानं आणली त्यांनी. म्हणले, कुनाला सांगू नको. जो वाचंल तो मागाया ईल, त्याला देऊ."

मी एक फर्मा मागितला. वहिनी कात्री शोधायला आत गेल्या, कारण गठ्ठ्याला छापखान्याची गाठ तशीच होती.