काट्याचा प्रोग्राम आणि मी काढलेला शब्द

परवा आत्याच्या पॅकिंग शेडमध्ये माझी चांगलीच जिरली. ऐन आंब्याच्या सीझनमध्ये तिचा कॉम्प्युटर बंद पडला, आणि वजनकाट्याचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालू करून द्यायचा मी शब्द दिला होता...

काट्यावरून वजन वाचणारी लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, कांबळे सरांची. मला सी भाषा त्यांनीच शिकवली. त्या फंक्शनांची ओळख प्रोग्रामला करून देणारी त्यांची जुनी हेडर फाईल मी आदल्या दिवशी जरा 'साफ' केली होती.

बिल्ड दिला. कंपाइल झालं, पण प्रोग्रामला लायब्ररी जोडणारा लिंकर अडला... म्हणे वजन वाचणारं फंक्शन सापडत नाही. लायब्ररीत तर ते ढळढळीत होतं! दोन तास गेले. पेट्या तशाच पडून आणि गाडी चारला येणार.

वैतागून आत्याला म्हटलं, सरांचं कामच जुनाट आहे. "मग टाकू सगळं भंगारात," ती म्हणाली. ते ऐकून मलाच कसंतरी झालं. सरांना फोन लावला.

"लायब्ररीत नाव कसं दिसतंय, वाच." वाचलं. नावाच्या शेवटी @4 असं शेपूट होतं, आणि माझा प्रोग्राम बिनशेपटाचं नाव शोधत होता.

"जेवणावळीत पानं कोण उचलतो?"

"यजमान."

"आणि आपल्या विहारात?"

"ज्याचं ताट त्यानं घासायचं."

"फंक्शनचं तसंच रे बाबू. काम झाल्यावर मागचं कोण आवरणार, ते दोघांत आधी ठरलेलं लागतं. मी ते फंक्शनवर सोपवलंय, शेपूट ही त्याची खूण. हेडरमध्ये तेच सांगणारा stdcall शब्द होता, तो कुठे गेला?"

अडगळ समजून मीच उडवला होता... परत घातला, बिल्ड दिला. अडीच वाजता पहिल्या पेटीचं वजन स्क्रीनवर आलं.

आत्याला सांगून टाकलं, चूक सरांची नव्हती, माझी होती. तिने काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग आता भंगारात कोणाला टाकू?"

घरी येऊन सरांची मूळ फाईल उघडली. त्या शब्दाशेजारी त्यांनी कमेंट लिहिली होती, 'हा शब्द काढू नये.' साफसफाईत मी तीही पुसली होती, न वाचता. खूप लाज वाटली.

सर, ती ओळ जशीच्या तशी परत लिहिली आहे. खाली माझी एक जोडली आहे... 'काढून बघितला. काढू नये.'