आईचे गुडघे आणि माझं मुखपृष्ठ

चहा हातात धरलाय ना नीट? मग सांगतो. एका फॅशनच्या मुखपृष्ठापायी मी आमच्या बाबांना जिवंतपणी मारलं, त्याची ही गोष्ट!

कॉलेज नुकतंच संपलं होतं आणि डोक्यात नुसती आग. रद्दीवाल्याकडून मुंबईची फॅशन मासिकं आणायचो. एखाद्या मुखपृष्ठावर मॉडेलची पाठ उघडी दिसली की चॅनेलवाले आठवडाभर भांडायचे. अरे, पण तिच्या अंगावर जे काही थोडं कापड आहे, ते विणलं कोणी? आमच्या भिवंडीनं! कापड आमचं, आणि मुखपृष्ठावर आमचं एकही माणूस नाही? मला सहन होईना. मित्र गोळा केले आणि ‘आडवा धागा’ नावाचा अंक काढला. मुखपृष्ठ असं हवं होतं की गावात भडका उडाला पाहिजे!

मॉडेल घरातच होती. आई.

आम्ही आगरी. शेतात, खाडीत उतरायचं म्हणून आमच्या बायका लुगडं गुडघ्याच्या वर नेसत आल्या. त्यात कुणाला काही वाटत नाही. पण तेच गुडघे मासिकावर छापले की बघा कसं पेटतं, असा माझा सिद्धांत!

“आये, मुखपृष्ठावर येशील? गुडघे दिसतील. लोक बोलतील.”

“माझं गुडघं सगल्या गावानं बगलेत. त्यात नवीन काय हाय?”

आई बांधावर उभी राहिली. कमरेवर हात, नजर थेट कॅमेऱ्यात. काय फोटो आला! आजही सांगतो, त्या नजरेपुढे मुंबईच्या सगळ्या मॉडेलांनी घरी जावं.

अडचण एकच. फोटो म्हटल्यावर आई कपाटातलं सगळं सोनं घालून आलेली. आमच्याकडच्या हळदीला कधी गेलात तर कळेल मी काय म्हणतो ते. गळा दिसेना! मला तर हवा होता कष्टाचा साधेपणा. आईला ‘काढ’ म्हणायची हिंमत कुणाची? मग कॉम्प्युटर क्लासमध्ये बसलो आणि फोटोवर खोडरबर फिरवला. हार पुसले. पाटल्या पुसल्या. हात बसला तसा जोर चढला. मंगळसूत्र पुसलं. कपाळावरचं कुंकू डोळ्यात खुपत होतं, तेही पुसलं. खाली ठळक अक्षरांत छापलं, ‘हीच आमची फॅशन!’

त्याच बैठकीत आतल्या पानावरच्या संपादकाच्या, म्हणजे माझ्या, फोटोतही किरकोळ दुरुस्ती केली. ते असो.

अंक मानकोलीपासून मामाच्या शेलारपर्यंत गावोगाव वाटले आणि भडक्याची वाट बघत झोपलो.

सकाळी जाग आली ती शांततेनं. आमच्या गल्लीत लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट थांबते फक्त शुक्रवारच्या सुट्टीला, नाहीतर लाइट गेल्यावर. त्या दिवशी शुक्रवार नव्हता, आणि पंखा तर फिरत होता!

दारात शेजारचे लूमवाले चाचा. मान खाली, हातात अंक.

“बेटा, बहुत अफसोस हुआ. मैंने मशीनें बंद करवा दीं.”

माझी छाती फुगली. माझ्या मुखपृष्ठाच्या निषेधार्थ लूम बंद! अजून काय पाहिजे?

“अफसोस कैसा, चाचा? मुझे तो फख्र है!”

“फख्र?” चाचा एक पाऊल मागे सरकले.

“हां! ये काम कभी ना कभी करना ही था. मैंने कर दिया!”

तेवढ्यात शेलारहून टेम्पो आला. पुढे मामा, मागे डोळ्यांना पदर लावलेली मामी आणि अख्खी आळी.

“भाच्या, फोन बंद तुमचा! असा अचानक कसा झाला रं?”

“अचानक कुठं, मामा? महिनाभर तयारी करत होतो.”

“तयारी?”

“आईनं पण साथ दिली!”

मामीनं डोळ्यांवरचा पदर काढून माझ्याकडे बघितलं. मामानं खांबाला धरलं. “दाजींना… लय तरास झाला का रं?”

“छे! बाबांना पत्ताच लागू दिला नाही!”

आता मला सांगा, एवढ्यावर लोकांनी मला पोलिसांत कसं दिलं नाही?

आणि त्याच क्षणी गर्दीतून वाट काढत बाबा आले. हातात बोंबलांची पिशवी.

“काय रं, सगले आमच्या दारात? कोन गेला?”

मामानं त्यांना मिठी मारून जो हंबरडा फोडला! “दाजी, तुमी गेलात ना!”

“खाडीवर गेल्तो! बोंबील आनाया!”

चाचांनी अंक पुढे केला. बाबांनी तो डोळ्यांजवळ धरला. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं, “बाबा, गुडघ्यांचं म्हणाल तर…”

“गुडघं झ्याक हायेत. कुंकू कुठं हाय?”

आवाज ऐकून आई मागच्या दारानं आली. कपाळभर कुंकू, गळाभर सोनं. तिनं अंक घेतला. आदल्या दिवशीपासून शेजारणींना ‘माझा फोटू येनार’ म्हणून सांगत फिरत होती हो ती! तिच्या तोंडावरचं हसू विझताना मी बघितलं आणि माझी सगळी आग पायातून निघून गेली.

“साधेपणा, आये,” मी पुटपुटलो. “जे खरं, तेच दाखवायचं.”

आईनं पान उलटलं. एकदा माझ्या फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“मंग तुझ्या पुटकुल्या कुठं गेल्या?”

सगळ्यात आधी हसले ते चाचा. मग लूमही सुरू झाले.

अंक पुन्हा छापला. मुखपृष्ठावर आई, सगळ्या सोन्यासकट. शेजारी बाबा, पिशवीसकट. गुडघे होते तिथेच. आजही कितीतरी घरांत ते मुखपृष्ठ फ्रेम करून लावलंय, आणि गुडघ्यांवर कोणी चकार शब्द काढलेला नाही. छाती अजून फुगते माझी! माझा सिद्धांत साफ फसला, पण भिवंडी मुखपृष्ठावर आली!

आतल्या पानावर आईच्या हुकमानं मीही होतो. जसा आहे तसा, जवळून काढलेला.

मामी अंक चाळून म्हणाली, “लय ग्वाड झालाय. फकस्त ह्ये आतलं पान पोरांसमोर उघडू नका.”