आठ वेढ्यांची मोटार

यमुनाबाई विजेच्या मोटारीत तांब्याची तार कशी भरतात, ते शेजारी बसून बघायचं आणि कुणालाही वाचून करता येईल असं लिहून काढायचं, या कामावर मला ठेवलं होतं. कंपनीच्या कागदावर माझ्या हुद्द्याला भारदस्त इंग्रजी नाव आहे. मी एकतीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवलं आणि निवृत्त झालो. मोटार कशी चालते यावर मी केव्हाही तासभर बोलू शकतो. स्वतःच्या हाताने मोटार मात्र मी आयुष्यात कधी भरली नव्हती. पुण्यात हे चालून जातं.

कंपनी हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत, बिस्किटांच्या एका गोदामामागे. मालवाहू रिक्षांसाठी विजेच्या मोटारी बनवू पाहणारी चाळीसेक माणसं, त्यातली बहुतेक तिशीच्या आतली. भिंतीवर सगळ्यांच्या ऑनलाइन कोर्सांची प्रमाणपत्रं लावलेली. सार्थक नावाच्या मुलाची एकट्याची अकरा होती. पंख्याचा रेग्युलेटर बिघडला तेव्हा मात्र त्याने इलेक्ट्रिशियनला फोन केला. आणि या सगळ्यांच्यात यमुनाबाई, वय त्रेपन्न, शिक्षण नववी, राहणार फुरसुंगी, साडीवर कंपनीचा निळा एप्रन.

त्या या धंद्यात आल्या ते निव्वळ चौकसपणापायी. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांच्या विहिरीवरची मोटार जळाली. ती घेऊन त्या सासवड रस्त्यावरच्या भीमरावांच्या दुकानात गेल्या. भीमराव म्हणाले, ठेवून जा, परवा या. बाई हलेनात. "जळाली कशी ते कळल्याबिगर न्यायची कशी? परत जळंल की." तीन तास स्टुलावर बसून त्यांनी जुन्या तारा निघताना आणि नव्या पडताना पाहिल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या, तिसऱ्या दिवशी भीमरावांनी हातात तार दिली. पुढे दुकान बंद होईपर्यंत त्या तिथेच होत्या.

आमच्याकडे त्यांना आणलं ते नमुन्याच्या मोटारीसाठी. तार भरायचं यंत्र लावायचं तर आधी मोटारीची रचना पक्की हवी, आणि रचना पक्की करायला नमुना हवा. म्हणजे पहिला हात माणसाचाच. रचना केली होती प्रियदर्शनीने. सत्तावीस वर्षांची, अमरावतीकडची, धायरीला मैत्रिणींबरोबर राहणारी. तिने संगणकाकडून शेकडो रचना तपासून घेतल्या होत्या आणि त्यातली एक निवडली होती: प्रत्येक कॉइलला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, आठ वेढे, आणि वेढा म्हणजे एक तार नव्हे, केसाहून थोड्या जाड अशा चौदा तारांची जुडी. सॉफ्टवेअरने खाली तांबड्या अक्षरात इशाराही दिला होता की एवढं तांबं मोटारीच्या लोखंडी गाभ्यातल्या खाचेत हाताने बसणं अवघड आहे.

"अवघड म्हणजे बसत न्हाय असं न्हाय," यमुनाबाई म्हणाल्या.

कारखान्याचे प्रमुख संभाजी साहेब यांनी त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. नमुना पास झाला तर आयटीआयच्या बारा मुलींची तुकडी घ्यायची आणि त्यांना शिकवायला यमुनाबाई. नेमणुकीचं पत्र, शिकवणारीच्या हुद्द्यासह. हे ऐकल्यापासून बाईंचा जीव त्यात अडकला होता. एकदा डबा खाताना मला म्हणाल्या, "सर, सव्वीस वर्षं खाली मान घालून भरत आले. एकदा ताठ उभं राहून शिकवायचंय." आणि मग लगेच, "तुमाला शिकवताना भीती वाटायची का?" मी नाही म्हणालो. खोटं बोललो.

त्यांना सगळंच विचारायचं असायचं. हे चुंबक कुठल्या खाणीतून येतं? संगणक चुकला तर त्याला ओरडतं कोण? खाचेत कागदाऐवजी ही पिवळी पट्टी का? इकडे हात चालूच. बोटांनी जुडी चपटी करायची, खाचेच्या तोंडाशी तिरकी धरायची आणि अंगठ्याने आत सरकवायची. मी मोबाइलवर व्हिडिओ घेत होतो आणि वहीत लिहीत होतो: तार ओढू नये, ढकलावी. कॉइल सुरू करताना त्या काहीतरी पुटपुटायच्या. मी नीट कान देऊन ऐकलं, तर पहिला शब्द होता 'लाभ'. मी वहीत कंस करून लिहिलं, 'देवाचं नाव वगैरे घेतात, वगळावे', आणि पुढे छापील अक्षरात, 'आठ वेढे घालावेत.'

चार दिवसांनी मोटार भरून झाली. खाचा इतक्या गच्च की सुई जाणार नाही. पोरांनी फोटो काढले. यमुनाबाईंच्या दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या होत्या. "लईच घट्ट केलंय हो तुमी तारांचं घर," त्या प्रियदर्शनीला म्हणाल्या.

आणि मोटार नापास झाली. तशी गोड आवाजात फिरली, तापलीही नाही फार. पण बॅटरीला जोडून मोकळी सोडल्यावर मिनिटाला चार हजार दोनशे फेरे व्हायला हवे होते, ते तीन हजार सातशे तीसच्या वर जाईनात.

तीन आठवडे गेले. चुंबकं बदलून पाहिली, बॅटरी बदलली, सार्थकने नियंत्रकाचा प्रोग्राम दोनदा नव्याने लिहिला. त्याने मलाही विचारलं, "सर, वेढे नक्की आठच आहेत ना?" मी माझं पान काढून दाखवलं. शिक्षकाचा अभिमान वाईट. लिहिलंय म्हणजे झालंय, असं आम्हाला वाटतं. शेवटी उरलं काय, तर प्रियदर्शनीचं गणित. बैठकीत कुणी तिला थेट काही म्हणालं नाही, पण शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर ही रचना बाद करून बाहेरून तयार मोटार विकत घ्यायची, असं ठरलं. ती पोर जेवायची बंद झाली.

मंगळवारी दुपारी यमुनाबाई तिच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "ताई, मला एक सांगा. बिघाड न्हाय, तर मग ही पळत का न्हाय?"

प्रियदर्शनीने वर पाहिलं. कदाचित आठवड्यात पहिल्यांदाच तिला कुणी दोष न देता प्रश्न विचारत होतं. ती उठली. मोटार बॅटरीपासून सोडवली, दोन तारांना एक छोटा दिवा लावला आणि दांड्याला ड्रिल जोडून मोटार नुसती फिरवली. दिवा लागला.

यमुनाबाई दचकल्या. "वीज दिलीच न्हाय की!"

"हिच्यात चुंबक आहे ना, मावशी. ते तारेसमोरून गेलं की तारेतच वीज तयार होते. तुमच्या पंपाच्या मोटारीत चुंबक नसतं, म्हणून तिथे दिसत नाही. आता बघा, बॅटरी मोटारीला ढकलते आणि ही आतली वीज उलटी ढकलते. वेग वाढला की उलटी वीज वाढते. दोन्ही सारख्या झाल्या की मोटार त्याच्या पुढे पळत नाही."

"आन् उलटी वीज जास्ती कशानं होती?"

"चुंबक जोरदार असेल तर. नाहीतर वेढे जास्त असतील तर. प्रत्येक वेढा आपला वाटा घालतो."

यमुनाबाई दिव्याकडे बघत राहिल्या. ड्रिल पुन्हा फिरवायला सांगितलं, पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमच्या मोबाइलात माझा व्हिडिओ हाय ना? आवाज मोठा करून लावा."

आम्ही दोघं जिन्याखाली उभं राहून तो व्हिडिओ पाहिला. पडद्यावर यमुनाबाईंची बोटं, आणि त्यांचा पुटपुटता आवाज. लाभ. एक. दोन. तीन. असं करत आठ. मी बोटांवर मोजलं. जुडी खाचेत नऊ वेळा गेली होती.

"भीमरावांचे वडील बाजारात मापाडी होते," त्या हळू म्हणाल्या. धान्य मोजताना मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि पुढचं दोन. भीमरावांनी त्यात आपली भर घातली होती: लाभ झाला की एक. गिऱ्हाइकाला एक वेढा वरचा, आपल्याकडून. साठ वेढ्यांच्या पंपाच्या मोटारीत त्या एकाने काही बिघडत नसे. उलट भीमरावांची मोटार जळत नाही, अशी ख्याती होती. यमुनाबाईंच्या तोंडात ते मोजणं इतकं बसलं होतं की आपण मोजतो कसं, हे त्यांनी स्वतःसुद्धा सव्वीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

नवातला एक वेढा जास्तीचा, म्हणजे वेग नवव्या हिश्श्याने कमी; त्यांनी मोबाइलवर चार हजार दोनशेला नवाने भागलं. चारशे सहासष्ट आले. "कमी किती पडत होते?" मी म्हणालो, चारशे सत्तर.

आता माझी करणी सांगतो. मी म्हणालो, "यमुनाबाई, असं करा. दुसरी मोटार भरा, आठ वेढ्यांची, नीट. ती पास होईल. आधीच्या मोटारीचं चुंबक खराब होतं म्हणू. तुमचं पत्रही येईल. कुणाला कळतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या शाळेतल्या बाई आठवल्या. "चुंबक बदलून बघितलंय त्यांनी. मंग त्या पोरीच्याच डोक्यावर जाईल ना? चूक माझ्या हाताची, आन् तिनं गणित पुन्हा शिकायचं व्हय?" आणि पुढे म्हणाल्या, "पत्र मला लई पायजे सर. लई म्हंजे लई." डोळे भरले होते. ते पदराने पुसून त्या तडक संभाजी साहेबांच्या केबिनकडे निघाल्या. मी वही घेऊन मागे गेलो, कारण न जाणं शोभलं नसतं.

केबिनमध्ये त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. साहेबांचा विश्वास बसेना. तेव्हा बाईंनी मोटार मागवली, पकड घेतली आणि एका कॉइलचं खाचेबाहेर आलेलं डोकं सगळ्यांसमोर कापलं. चार दिवसांची आणि दोन अंगठ्यांची मेहनत. कापलेल्या जुड्या एकेक सुटी करून टेबलावर मांडल्या. नऊ होत्या.

"तीन आठवडे, मावशी!" साहेब ओरडले. "वीस माणसं डोकं फोडत होती. आणि अशा मोजणीने तुम्ही पोरींना शिकवणार?"

यमुनाबाईंनी पकड टेबलावर ठेवली. मी पुढे होऊन सांगितलं की ते मोजणं मी स्वतः ऐकलं होतं आणि कंसात टाकून वगळलं होतं, शिवाय सार्थकला छातीठोकपणे आठ म्हणून सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "वा, म्हणजे तुम्हीही."

प्रियदर्शनी मात्र त्या कापलेल्या कॉइलवर वाकली होती. सुटका झाली म्हणून ती रडेल असं मला वाटलं होतं. ती खाचेची रुंदी मोजत होती.

"सर," ती साहेबांना म्हणाली, "आठ बसणं अवघड आहे असं सॉफ्टवेअर म्हणत होतं. बाहेरच्या दोन तार भरणाऱ्यांनी तर सात वेढ्यांवर हात टेकले होते. यांनी नऊ बसवलेत."

केबिनमध्ये कुणाच्या लक्षात येईना की ती एवढी उत्तेजित का झालीय. तिने कागद ओढून आकडे मांडले. वेढे आठच ठेवायचे आणि नवव्याची रिकामी झालेली जागा जुडी जाड करायला वापरायची. चौदाच्या जागी पंधरा तारा, सोळावीला जागा अगदी थोडी कमी. तांबं जास्त, म्हणजे मोटार कमी तापणार आणि रिक्षा त्याच बॅटरीत थोडी पुढे जाणार. "एवढी जागा तिथे आहे हे मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "संगणकालाही नव्हतं."

यमुनाबाईंनी विचारलं, "पंधरा तारांची जुडी चपटी राहील का पण?" आणि त्या दोघी तिथेच, साहेबांच्या टेबलावर, तारा जुळवून बघायला लागल्या. साहेबांना आपली फाइल उचलून बाजूला घ्यावी लागली.

नवी मोटार पुढच्या बुधवारी फिरली. चार हजार एकशे नव्वद फेरे, म्हणजे पास. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पत्राबद्दल संभाजी साहेब काहीच बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढचे अकरा दिवस नाही. यमुनाबाईंनी विचारलं नाही. रोज येत होत्या, जुडी भरत होत्या, तोंडाने मोठ्याने एक, दोन म्हणत होत्या, आणि चुकून जुना शब्द आला की सगळी कॉइल उलगडून पुन्हा भरत होत्या. बाराव्या दिवशी साहेबांनी बोलावून पत्र हातात दिलं आणि म्हणाले, "सोमवारपासून मुली येतील. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

सोमवारी बारा मुली आल्या, विश्रांतवाडीपासून उरुळीपर्यंतच्या. प्रत्येकीसमोर माझ्या वहीवरून छापलेली पुस्तिका ठेवलेली. यमुनाबाई उभ्या होत्या. दोन्ही हात त्यांनी टेबलावर टेकवले. मग पिशवीतून तीच कापलेली कॉइल काढून पहिल्या बाकावरच्या निकिता नावाच्या मुलीसमोर ठेवली.

"किती वेढे हायेत?"

निकिताने पुस्तिकेत पाहिलं. "आठ, मॅडम."

"कागदावर काय हाय ते मी इचारलं न्हाय. मोज."

मुलगी जुड्या बोटाने वेगळ्या करत गेली. शेवटच्या जुडीशी थांबली, परत पहिल्यापासून मोजलं आणि गोंधळून वर पाहिलं. "नऊ येतायत. चुकीची आहे ही. कुणी केलीय, मॅडम?"

"मी," यमुनाबाई म्हणाल्या. "आता पुढच्या बाकावर दे. सगळ्यांनी मोजायची."